सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदार म्हणून नोंदणी कशी करावी

महाराष्ट्रात खासगी घरे बांधून देणाऱ्याला राज्य शासनाचा वेगळा कंत्राटदार परवाना लागत नाही. नकाशा आणि देखरेख यांची जबाबदारी वास्तुविशारदावर किंवा स्थानिक संस्थेच्या परवानाधारक अभियंत्यावर असते. शासकीय इमारती, रस्ते, मोऱ्या यांच्या निविदा भरायच्या असतील तर मात्र सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी घ्यावी लागते आणि जिल्हा परिषदांपासून नगरपालिकांपर्यंत अनेक कार्यालये तीच ग्राह्य धरतात.

नोंदणी वर्गवार होते. प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा ठरलेली असते, आणि वर्ग जितका वरचा तितका मंजुरी देणारा अधिकारीही वरचा. पहिल्याच अर्जात मोठ्या वर्गाचा हट्ट धरू नये; खालच्या वर्गात दोन-चार कामे वेळेत पूर्ण करून वर चढणे अधिक शहाणपणाचे असते.

प्रथम व्यवसायाची कागदपत्रे जुळवावीत: पॅन, जीएसटी क्रमांक, व्यवसाय कराची नोंदणी, आयकर विवरणपत्रे, आणि भागीदारी असल्यास नोंदणीकृत भागीदारी पत्र. या सर्वांवर फर्मचे नाव अक्षरशः एकच असावे. एका कागदावर ‘कन्स्ट्रक्शन’ आणि दुसऱ्यावर ‘कन्स्ट्रक्शन्स’ एवढ्या फरकावरूनही त्रुटी काढून अर्ज परत येऊ शकतो.

त्यानंतर ऐपतीचा पुरावा. बँकेचे ऐपत प्रमाणपत्र किंवा महसूल खात्याचा दाखला, यांपैकी आपल्या वर्गासाठी कोणते चालते हे अर्ज करण्यापूर्वी विभागीय कार्यालयात विचारून घ्यावे. महसूल खात्याचा दाखला रकमेप्रमाणे तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी देतात; त्यासाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मूल्यांकन लागते. जमिनीवर कर्जाचा बोजा असेल तर तो आधीच पाहावा, कारण ऐपत ठरवताना तो विचारात घेतला जातो.

खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची असते. पेटी कंत्राटावर, म्हणजे दुसऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली, कितीही वर्षे काम केले तरी दाखला मूळ कंत्राटदाराच्या नावाने निघतो आणि प्रत्यक्ष राबणाऱ्याच्या हाती कागद उरत नाही. म्हणून काम लहान असले तरी ते स्वतःच्या नावावर घ्यावे, आणि अंतिम देयक मंजूर होताच, संबंधित अभियंत्याची बदली होण्याआधी, दाखला मागून घ्यावा. त्यात कामाचे नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक, निविदेची रक्कम, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि पूर्णत्वाची तारीख असावी, आणि सही शाखा अभियंत्याची नव्हे, तर कार्यकारी अभियंत्याची असावी.

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका असलेल्या नवोदितांनी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीचा मार्ग अवश्य तपासावा. लहान कामांचा ठरावीक वाटा या अभियंत्यांसाठी, तर दुसरा वाटा मजूर सहकारी संस्थांसाठी राखला जातो आणि ही कामे काम वाटप समितीमार्फत दिली जातात. अनुभवाचा पहिला कागद मिळवण्याचा याहून सोपा रस्ता क्वचितच सापडेल.

नोंदणी झाल्यावर वर्ग तीनची डिजिटल स्वाक्षरी घेऊन महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर नाव नोंदवावे. निविदेत कागदपत्रांचा तांत्रिक आणि दराचा आर्थिक असे दोन लिफाफे असतात; तांत्रिक लिफाफ्यात एक कागद कमी पडला तर आर्थिक लिफाफा उघडलाच जात नाही. बिलो, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा कमी, दर टाकण्याआधी अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा हिशेब करावा. जीएसटी वगळून अडीच लाखांपेक्षा अधिक रकमेच्या कंत्राटात देयकातून जीएसटीपोटी 2 टक्के आणि वैयक्तिक मालकी असल्यास आयकरापोटी 1 टक्का कापला जातो. शिवाय कामगार कल्याण उपकर व सुरक्षा ठेव असते, आणि देयकही लगेच मिळेल असे नाही. पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार लावणार असाल तर कामगार खात्याचा परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. नोंदणीची मुदत प्रमाणपत्रावरच छापलेली असते. ती संपल्यावर भरलेली निविदा अपात्र ठरू शकते, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज काही महिने आधीच दाखल करावा.