१९४१ च्या बेसबॉल हंगामाचा तक्ता कसा वाचावा

सुगी आटोपली की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मोकळ्या झालेल्या भातशेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि प्रत्येक मैदानाच्या कडेला कोणीतरी मांडीवर स्कोअरवही घेऊन बसलेला असतो. ज्याने अशी वही एकदा तरी लिहिली आहे, त्याला अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल हंगामाचे आकडे परके वाटण्याचे कारण नाही. सवय एकच लावून घ्यावी लागते: सरासरी पाहण्यापूर्वी तिचा छेद पाहायचा आणि त्या छेदात काय धरले आहे, हे त्या वर्षीच्या नियमानुसार ठरवायचे. सरावासाठी १९४१ चा हंगाम घ्यावा, कारण त्यात या सवयीची गरज पावलोपावली भासते.

वहीच्या पहिल्या पानावर बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची ओळ उतरवून घ्यावी: सामने १४३, ॲट-बॅट ४५६, हिट १८५, होमरन ३७, वॉक १४७, सरासरी .४०६. क्रिकेटमध्ये आपण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतो. इथे हिटना, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर) पोहोचवणाऱ्या फटक्यांना, ॲट-बॅटने भागायचे आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायचे. ॲट-बॅट म्हणजे फलंदाज जितक्या वेळा खेळायला उभा राहिला ती संख्या, असा समज नवख्याचा हमखास होतो आणि तिथेच हिशेब फसतो. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले आणि फलंदाजाने त्यांवर बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. हा वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. आपल्याकडे वाइडचा चेंडू फलंदाजाच्या खात्यावर चढत नाही, तसेच हे आहे. चेंडू अंगावर लागून मिळालेला बेसही त्यातून वगळतात.

म्हणून दुसरा भागाकार शेजारीच मांडावा. विल्यम्सचे १८५ हिट, १४७ वॉक आणि अंगावर लागलेले ३ चेंडू मिळून ३३५ होतात. ४५६ ॲट-बॅटमध्ये तेच वॉक आणि तेच ३ चेंडू मिळवले की ६०६ होतात. ३३५ ला ६०६ ने भागल्यास .५५३ येते, म्हणजे तो निम्म्याहून अधिक वेळा बेसवर पोहोचला. माझ्या मते त्या हंगामातला सर्वांत मोठा आकडा हाच आहे, जरी प्रसिद्धी .४०६ ला मिळाली असली तरी.

नियमाची तारीख तपासणे ही पुढची पायरी आहे. उंच मारलेला चेंडू झेलला जाऊन फलंदाज बाद झाला, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा सहकारी धाव पूर्ण करून गेला, तर आज ते ॲट-बॅट धरले जात नाही. १९४० ते १९५३ या काळात मात्र ते धरले जात असे. विल्यम्सचा छेद त्यामुळे फुगलेला आहे आणि आजच्या नियमाने त्याची सरासरी .४०६ च्या वर गेली असती. दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना करणाऱ्याने ही बाब समासात लिहून ठेवावी.

आता हंगामाचा शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, पेन्सिल हातात घेऊन सोडवावा. त्या सकाळी विल्यम्सचे ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट होते. ४४८ चे चार दशांश १७९.२ होतात, म्हणजे खरी सरासरी .३९९५५ होती आणि केवळ पूर्णांकनाने ती .४०० दिसत होती. हा .४०० चा आकडा टिकावा म्हणून व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली होती. तो फिलाडेल्फियातल्या शाइब पार्कवर त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला. पहिल्या सामन्यात त्याला पाच ॲट-बॅट मिळाले. त्यांत एकच हिट मिळाला असता, तर १८० भागिले ४५३ म्हणजे .३९७ उरले असते. त्याने चार मारले आणि सरासरी .४०४ झाली, दुसऱ्या सामन्यात तिनांपैकी दोन मारले, तेव्हा १८५ भागिले ४५६ हा अखेरचा भागाकार उभा राहिला. हा भागाकार यंत्रावर न करता हाताने करावा असा माझा आग्रह आहे, कारण एकेका हिटने तिसरे दशांश स्थळ कसे हलते, हे तेव्हाच डोळ्यांना दिसते.

पिचरच्या ओळीत एक खाचखळगा आहे. एकदा स्पर्धेचे तक्ते करताना मी १४.४ षटके यंत्रात तशीच दशांश म्हणून घातली आणि एका गोलंदाजाची धावगती चुकवली. चार चेंडू म्हणजे षटकाचे दोन तृतीयांश, चार दशांश नव्हेत. बेसबॉलमध्ये तीन जण बाद झाले की इनिंग संपते, म्हणून तिचे तीन भाग धरतात, त्यामुळे २१६.२ म्हणजे २१६ पूर्णांक दोन तृतीयांश. क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने १९४१ मध्ये ३४३ इनिंग टाकल्या आणि क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून त्याच्या खात्यावर १२० धावा लागल्या. सामना नऊ इनिंगचा असतो, म्हणून १२० ला ९ ने गुणून ३४३ ने भागले की ३.१५ ही त्याची सामन्यामागची सरासरी मिळते.

न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओची ओळ वेगळ्या पद्धतीने वाचावी लागते. १५ मे ते १६ जुलै या काळात त्याने सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारला. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने त्याचे दोन सणसणीत फटके अडवले आणि मालिका खंडित झाली. मालिकेचा आकडा रोजची हजेरी मोजतो, कामाचे प्रमाण मोजत नाही, म्हणून त्याच्याशेजारी त्या ५६ सामन्यांतले २२३ ॲट-बॅट आणि ९१ हिट लिहावेत. त्यांतून .४०८ ही सरासरी निघते. पूर्ण हंगामात मात्र ५४१ ॲट-बॅटमध्ये १९३ हिट, म्हणजे .३५७. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला आणि त्याच्या संघाने १०१ सामने जिंकून पुढे अजिंक्यपदही मिळवले. तरीही केवळ फलंदाजी तोलायची असेल, तर विल्यम्सच्या .५५३ समोर डिमॅजिओचे बेसवर पोहोचण्याचे .४४० हे प्रमाण ठेवावे. सहकाऱ्यांना धावा करवून देण्याच्या रकान्यात १२५ विरुद्ध १२० असा डिमॅजिओ पुढे दिसतो, पण आपल्या आधी बेसवर कोण उभे होते यावर तो आकडा अवलंबून असल्याने त्याला मी कमी वजन देतो.

शेवटी शीर्षक लिहिताना सावध राहावे. ‘.४०० गाठणारा शेवटचा फलंदाज’ असे विल्यम्सबद्दल सरसकट लिहिले जाते. अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगच्या त्या तक्त्यात मात्र कृष्णवर्णीय खेळाडूंना जागाच नव्हती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत त्यांना स्वतंत्र नीग्रो लीगमध्येच खेळावे लागले. त्या लीगचे आकडे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत सामील झाले आणि त्यांतल्या जॉश गिब्सनची १९४३ मधली .४६६ ही एका हंगामातली सर्वोच्च सरासरी ठरली. म्हणून वहीत विल्यम्सच्या नावापुढे ‘अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगपुरता शेवटचा’ असे लिहावे आणि त्याखालच्याच ओळीत गिब्सनचे नाव, वर्ष आणि आकडा उतरवावा.