ज्येष्ठ नागरिकांची आरोग्य विमा योजना कंपनीने बंद केली, तर काय करावे

माझ्या आईच्या मेडिक्लेमबाबत विमा कंपनीचे एक पत्र आले होते. नूतनीकरणाच्या नेहमीच्या सूचनेसारखेच ते दिसत असल्यामुळे, आणि हप्ता भरायला अजून अवकाश असल्यामुळे, तिने ते टेबलाच्या खणात ठेवून दिले. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की ही योजना मागे घेण्यात येत असून चालू मुदत संपल्यावर तिचे नूतनीकरण होणार नाही. ते माझ्या नजरेस पडले तेव्हा मुदत संपायला २२ दिवस उरले होते. मधुमेह असलेल्या ७४ वर्षांच्या बाईला आता नवा विमा कोण देणार, ही आमची पहिली भीती. ती बऱ्याच अंशी अनाठायी होती, परंतु वाया गेलेले दिवस मात्र खरोखरच महागात पडले असते.

योजना बंद झाली म्हणजे विमा संरक्षणही संपले, असे नाही. कंपनी एखादी योजना बाजारातून मागे घेते तेव्हा तिने विमाधारकाला आगाऊ कळवावे लागते, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत जाण्याचा पर्याय द्यावा लागतो. पॉलिसीत खंड पडलेला नसेल, तर पूर्वीपासूनच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षा कालावधी (ज्या सुरुवातीच्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो) आणि साठलेला बोनस (क्लेम न केल्याबद्दल वाढलेली विमा रक्कम) नव्या योजनेत सोबत येतो. याला मायग्रेशन म्हणतात. ज्येष्ठांच्या बाबतीत विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ३० जानेवारी २०२५ रोजी आणखी एक बंधन घातले: ६० वर्षे व त्यावरील नागरिकांना दिल्या जाणाऱ्या वैयक्तिक आरोग्य योजना मागे घेण्यापूर्वी, तसेच त्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी, कंपनीने नियामकाशी सल्लामसलत केली पाहिजे. त्यामुळे पत्र हाती पडताच ‘आता काही उपयोग नाही’ असे म्हणून हप्त्याचे पैसे मुदत ठेवीत टाकण्याची घाई कोणी करू नये.

पुढचे पाऊल टाकण्याआधी आपली पॉलिसी वैयक्तिक आहे की गटविमा, हे कागदावर पाहून घ्यावे. अनेक निवृत्तांचा विमा बँकेमार्फत, माजी नोकरीच्या ठिकाणामार्फत किंवा एखाद्या संघटनेमार्फत घेतलेला असतो, आणि ते त्याला वर्षानुवर्षे ‘माझी पॉलिसी’ म्हणत असतात. हातात मात्र फक्त प्रमाणपत्र असते, आणि मूळ करार बँक व विमा कंपनी यांच्यात असतो. तो करार संपला की सगळ्या खातेदारांचे संरक्षण एकदम संपते. अशा वेळी बँकेच्या शाखेत खेपा घालण्यापेक्षा, जिने आजवर विमा दिला त्या कंपनीकडे वैयक्तिक योजनेत घेण्याचा अर्ज थेट करावा.

हा अर्ज लेखीच असावा आणि मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी पोहोचावा. एजंटाने फोनवर दिलेला ‘काळजी करू नका’ हा दिलासा कितीही मनापासून असला, तरी तो उद्या क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही. पॉलिसी क्रमांक, पहिला विमा घेतल्याची तारीख आणि आजवरच्या क्लेमचा तपशील देऊन ईमेलमध्ये स्पष्ट विचारावे: ‘माझी आजवरची सलग वर्षे, साठलेला बोनस आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी नव्या योजनेत ग्राह्य धरला जाईल, याची लेखी पुष्टी द्यावी.’ उत्तर आले की ते छापून जुन्या पॉलिसींच्या फाइलमध्ये लावावे.

कंपनीने सुचवलेली पहिलीच योजना डोळे मिटून स्वीकारू नये, कारण फरक बहुधा हप्त्यापेक्षा अटींमध्ये दडलेला असतो. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का असेल, तर ५ लाखांच्या विम्यावर दिवसाला ५,००० रुपयांची खोली बसते. रुग्णाला ८,००० रुपयांच्या खोलीत ठेवले, तर फक्त वरचे ३,००० रुपये आपल्या खिशातून जात नाहीत, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. अशा खर्चांचे बिल २ लाख असेल, तर हाती सव्वा लाखच येतो. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, असेल, तर उरतात १ लाख रुपये. मोतीबिंदू व गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरील उपमर्यादा (त्या उपचारासाठी मिळणारी कमाल रक्कम), आणि आपल्या नेहमीच्या रुग्णालयात कॅशलेस सोय आहे की नाही, हेही पाहावे. योजनेचे ग्राहक माहिती पत्रक मराठीतून मागता येते. ते अवश्य मागावे. हप्त्याची तुलना करताना हेही लक्षात असू द्यावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, गटविम्यावर मात्र आहे.

त्याच कंपनीचा पर्याय पसंत नसेल, तर दुसऱ्या कंपनीकडे पोर्टेबिलिटीने जाता येते. त्यासाठी अर्ज मुदतीच्या किमान ४५ दिवस आधी करावा. पूर्ण झालेल्या वर्षांचा लाभ येथेही मिळतो, पण जुन्या विमा रकमेपुरताच. ५ लाखांचा विमा १० लाखांचा केला, तर वाढीव ५ लाखांसाठी प्रतीक्षा कालावधी नव्याने सुरू होतो. तो पूर्वीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. नवी कंपनी मात्र प्रकृती पाहून नकार देऊ शकते, म्हणून पोर्टेबिलिटीवर भिस्त ठेवून मायग्रेशनचा अर्ज सोडून देऊ नये. दोन्ही वाटा शेवटपर्यंत उघड्या ठेवाव्यात.

अर्जात आजार लपवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. जुन्या पॉलिसीत मिळालेले हे कवच खोटी माहिती भरून स्वतःच कशाला धोक्यात घालायचे? रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, चालू औषधे हे सारे लिहावे आणि डिस्चार्ज समरीच्या प्रती जोडाव्यात.

तारखेबाबत ढिलाई नको. वार्षिक हप्ता भरायला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते व तेवढ्यात पैसे भरल्यास सलगता टिकते, परंतु मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही.

वय ७० किंवा अधिक असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवावे. ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असले तरी, या वयातील नागरिकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात, आणि खासगी विमा असला तरी हे कार्ड चालते. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर रक्कम दोघांत मिळून असते. माझ्या मते हा खासगी विम्याला पर्याय नसून जोड आहे, कारण आपल्या माहितीचे रुग्णालय यादीत असेलच असे नाही.

कंपनी पर्याय देत नसेल किंवा जुनी वर्षे मोजत नसेल, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा ते समाधानकारक नसल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई, ठाणे व पुणे येथे ही कार्यालये आहेत, आणि गोव्याच्या तक्रारी पुण्याकडे येतात. यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही.

आमच्या बाबतीत कंपनीने उशिरा आलेला अर्ज स्वीकारला, पण नव्या पॉलिसीवर पहिल्या विम्याची तारीख चालू वर्षाची छापली. म्हणजे आईची ११ वर्षे कागदावरून पुसली गेली होती. नवी पॉलिसी मिळाल्यावर नाव, जन्मतारीख, आजारांची नोंद आणि ही पहिली तारीख त्याच दिवशी तपासावी. चूक असेल, तर जुन्या पॉलिसींच्या प्रती जोडून दुरुस्त पॉलिसी मागावी. आमची दुरुस्ती दोन ईमेल आणि ९ दिवसांत झाली.