अंबर खनिज आहे का? वर्गवारीतल्या या चुका टाळा

अंबर म्हणजे झाडांची जीवाश्म झालेली राळ. तो खनिज नाही, हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. घोळ होतो तो कारण देताना. ‘झाडापासून आला, सेंद्रिय आहे, म्हणून खनिज नाही’ एवढं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. मग कोळशाच्या थरांत मिळणाऱ्या मेलाइटचं काय करणार? तेही सेंद्रिय संयुगच, तरी मान्यताप्राप्त खनिज. कारण त्याला ठरलेलं रासायनिक सूत्र आहे आणि स्फटिकरचनाही. अंबरकडे दोन्ही नाही. जमिनीखाली गाडलेल्या राळेचे रेणू लाखो वर्षांत एकमेकांत गुंतत गेले आणि पॉलिमर तयार झाला. पुस्तकात सूत्र दिसलं तर ते सरासरीचं समजा. दख्खनच्या बेसाल्टमधला अपोफिलाइट, जो खरा खनिज आहे, क्ष-किरणांखाली टोकदार रेषा दाखवतो, अंबर नुसता पसरट उंचवटा.

सक्सिनाइट, बर्माइट अशी खनिजांसारखी नावं बघून फसू नका. ते अंबरचेच प्रकार आहेत.

न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या मालाचे कागद अंबर खनिज असल्याचा पुरावा म्हणून पुढे करणं ही दुसरी चूक. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये कच्चा अंबर 25व्या प्रकरणात, 2530 या खनिज पदार्थांच्या शीर्षकाखाली येतो. पण ती कराची सोय झाली. झवेरी बाजारातला रत्नपारखी त्याला मोती-पोवळ्यांबरोबर सेंद्रिय रत्नांत धरतो, आणि त्याच्या कामापुरतं तेही बरोबरच.

अंबरच्या पोटातली वर्गवारी रंगावरून करू नका, वयावरूनही नको. ती राळेच्या रसायनावर चालते. बाल्टिक अंबरमध्ये सक्सिनिक आम्ल असतं, तो पहिल्या वर्गात. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतला, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीचा अंबर शालवृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या राळेचा, तिचं रसायन वेगळं, म्हणून दुसऱ्या वर्गात. आपल्या इतक्या जवळचं हे उदाहरण प्रोजेक्टांत क्वचितच दिसतं, याचं नवल वाटतं.

आता ओळख पटवण्याबद्दल. मोहम्मद अली रोडवरून कहरुब्याची (म्हणजे अंबरची) तसबीह, अर्थात जपमाळ, घेतलीत आणि मणी मिठाच्या दाट पाण्यात तरंगला, तर बेकेलाइट या प्लास्टिकची शंका जाते, पण कोपलची जात नाही. कोपल म्हणजे अलीकडची, अजून पुरती न मुरलेली राळ. तीही तरंगते. धातूची कडी लावूनच माळ पाण्यात सोडली, तर खरा अंबरही बुडेल. कोपलसाठी मण्याच्या भोकाजवळ ॲसिटोनचा एक थेंब लावून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर कोपलचा संशय घ्या. मण्यावर वार्निश असेल तर तेही चिकटतं, म्हणून एका थेंबावर दुकानदाराशी भांडू नका. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटलीवर ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलंय का ते आधी वाचा. तापलेल्या सुईच्या वाटेला जाऊच नका. अंबर खरा निघाला तरी डाग कायमचा राहतो.

माळ महागाची असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट काढून घ्या, त्यातून रसायन कळतं. मात्र तुकडे दाबून बनवलेला अंबरही रसायनाने अंबरच असतो. त्यामुळे तो नैसर्गिक अखंड आहे की दाबलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला वेगळं सांगावं लागतं.