परसबागेत शोभेसाठी जोंधळा

साताऱ्याच्या माण-खटावात आणि सांगलीच्या जत-आटपाडीकडे शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा (ज्वारी), हे शिवारातले नेहमीचे पीक असल्यामुळे तो हौसेने अंगणात लावावा, असे सहसा कोणाला सुचत नाही. परंतु कुंपणालगत सहा ते नऊ फूट उंचीची ताटे एका ओळीत उभी राहिली की आडोसाही होतो आणि कणसे निसवल्यावर, म्हणजे पानांतून बाहेर पडल्यावर, बागेचे रूपच पालटते. पांढऱ्यापासून तांबड्या, तपकिरी आणि जांभळट काळ्या रंगापर्यंत जोंधळ्याच्या कणसांचे अनेक प्रकार आढळतात. काही कणसे मुठीसारखी घट्ट असतात, काही मोकळी फुललेली असतात, तर काहींची मान पूर्ण खाली वाकलेली असते.

वाण निवडताना रंगाइतकाच हंगामाचा विचार करावा. पावसाळ्यात लावायचा असल्यास मोकळ्या कणसाचा वाण घ्यावा, कारण घट्ट कणसात पावसाचे पाणी साठून दाणे बुरशीने काळवंडतात, तर मोकळे कणीस लवकर सुकते. रब्बीसाठी मालदांडीसारखा भरीव, मोतीदार दाण्याचा शाळू उत्तम. तो लहान होत जाणाऱ्या दिवसांत फुलणारा असल्यामुळे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळातच, म्हणजे साधारणपणे उत्तरा-हस्त नक्षत्रांत पेरावा. खरिपाची पेरणी पहिला चांगला पाऊस होताच उरकावी. उशीर झाल्यास खोडमाशी हमखास गाठते.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून वाफा थोडा उंच करावा. दिवसभर ऊन मिळेल अशीच जागा निवडावी, कारण सावलीत ताटे बारीक आणि लुळी होतात. कुजलेले शेणखत मिसळून ४५ सेंटीमीटर अंतराच्या ओळींत, ३ ते ४ सेंटीमीटर खोल, थोडे दाट बी टाकावे. रोपे उगवल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी विरळणी करून दोन ताटांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर राखावे. विरळणीची घाई करू नये. खोडमाशीमुळे काही रोपांचा मधला पोंगा, म्हणजे शेंड्याची कोवळी गुंडाळलेली पाने, सुकतो. ही पोंगेमर झालेली रोपे आधी उपटून नष्ट करावीत आणि मग उरलेल्यांतून सशक्त रोपे राखावीत.

यापुढे फाजील लाड करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नत्र जास्त झाले की ताट उंच आणि ठिसूळ वाढते आणि एका वादळी सरीत लोळते. गुडघाभर वाढ झाल्यावर बुंध्याशी मातीची भर लावावी, म्हणजे खालच्या पेरांतून फुटणारी आधारमुळे मातीत घट्ट रुततात. पाणी मात्र दोन वेळा चुकवू नये, एकदा पोटरीत असताना आणि एकदा दाणे भरताना. पोटरी ओळखणे सोपे आहे. वरच्या पानाचा खोडाला वेढणारा भाग फुगलेला दिसतो आणि बोटांनी हलके दाबल्यास आतले कणीस जाणवते. त्याच वेळी ताटावर बोट फिरवल्यास मेणासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. हा रोग नसून पाण्याचे बाष्पीभवन रोखणारा नैसर्गिक थर आहे, त्यामुळे औषध फवारू नये.

कणसाला फुलोरा वरून खाली येतो. पुढील वर्षासाठी शुद्ध बी हवे असल्यास निसवताच, फुलोऱ्यापूर्वी, कणसाला कागदी पिशवी बांधावी, कारण शेजारच्या वाणाचे पराग वाऱ्याने येतात आणि रंग बिघडतो. संकरित वाणाचे बी मात्र धरून उपयोग नाही, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. दाणे भरू लागले की चिमण्या आणि पोपट येणारच. चार कणसे त्यांच्यासाठी मोकळी ठेवावीत आणि उरलेल्यांना पातळ कापडाच्या पिशव्या घालाव्यात.

दाण्याच्या तळाशी काळा ठिपका दिसला की तो पक्व झाला असे समजावे. सजावटीसाठी हातभर दांड्यासह कणीस कापून, पाच-सहा कणसांची जुडी बांधून हवेशीर सावलीत दोन-तीन आठवडे उलटी टांगावी. सावलीत वाळवल्यास रंग टिकतो आणि दांडा सरळ राहतो. अशा कणसांचे तोरण दारावर अनेक महिने चांगले राहते, फक्त सोंडकिडा लागला नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

घरी गाय किंवा शेळी असेल तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. कोवळी रोपे, पाण्याचा ताण बसलेली ताटे आणि कापणीनंतर बुडख्यातून फुटणारे धुमारे जनावरांसमोर कधीही टाकू नयेत. त्यांतून सायनाइडची विषबाधा होऊन जनावर काही मिनिटांतही दगावू शकते. पूर्ण वाळलेला कडबा मात्र निर्धास्तपणे घालावा.