लिहायला विषय मिळत नाही? मग आधी या चुका थांबवा

सांगलीतल्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी मी बघतो आणि पावसाळा लागला की दिवाळी अंकाचं कामही अंगावर असतं. नव्याने लिहू लागलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, एखादा विषय सुचवा ना." न विचारता जे लेख येतात त्यांचे विषयही ठरलेलेच. पाऊस आणि आठवणी, पोस्टमन आता दिसत नाही, मोबाइलने माणसं दुरावली, आजीच्या हातची चव. यातल्या कितीतरी जणांची भाषा चांगली असते, वाक्यावर पकड असते. गाडी अडते ती लिहिण्याच्या आधी. विषय निवडतानाच चूक झालेली असते आणि मग कितीही घासूनपुसून लिहिलं तरी लेख शिळाच लागतो.

नुसत्या नावाला विषय समजणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर.

"पावसावर लिहितोय" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, "पावसाचं काय?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. पाऊस हा विषय नव्हे, त्याच्या पोटात शंभर विषय आहेत. त्यातला एकच बघा. अतिवृष्टी झाली की नाही हे सरकार गावावरून ठरवत नाही, महसूल मंडळावरून ठरवतं. मंडळातल्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्यांचं, मदतीचं पुढचं गाडं त्या आकड्यावर चालतं. एका मंडळात अनेक गावं. वळवाचा पाऊस तर असा की ओढ्याच्या अलीकडे बांध फुटतात आणि पलीकडे रस्ता कोरडा. मग ज्याचं सोयाबीन वाहून गेलं, पण ज्याच्या मंडळाच्या यंत्राने 50 च दाखवले, त्याला काय उत्तर मिळतं? तो कुणाकडे जातो? यंत्र कुठे बसवलंय, झाडाखाली आहे का, त्याची देखभाल कोण करतं?

झाला विषय. यासाठी पुस्तक लागत नाही. तलाठ्याला गाठा, मंडळ अधिकाऱ्याला गाठा, ज्याचं नुकसान झालंय त्याच्या बांधावर तासभर उभे राहा. महावेध प्रकल्पातून राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, तेव्हा तुमच्या मंडळातलं केंद्र एकदा डोळ्यांनी बघून या. पावसावर दरवर्षी जूनमध्ये जे लिहिलं जातं त्यात हे मला क्वचितच सापडतं.

माझी सवय साधी आहे. विषय वहीत लिहिताना त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आलंच पाहिजे. प्रश्नचिन्ह येत नसेल तर अजून विषय मिळालेला नाही असं मी धरतो आणि लेख मागत नाही.

दिनविशेष बघून लिहायला बसणं

6 जानेवारीला पत्रकार दिन, कारण 1832 साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. 5 सप्टेंबरला शिक्षक दिन. हे कॅलेंडर सगळ्यांच्याच भिंतीवर आहे. त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकच लेख वेगवेगळ्या नावांनी येतो.

तारखेचं निमित्त घ्यायचंच असेल तर आपल्या गावाची तारीख घ्या. सांगलीत ऑगस्ट लागला की महापुराच्या आठवणी सुरू होतात. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, ते कुणीच विसरलेलं नाही. पण आठवणी सांगून झाल्यावर पुढे काय? या गावात माणसं नदीबद्दल फुटांत बोलतात. "आयर्विनला किती झालं?" एवढं विचारलं की समोरचा आकडाच सांगतो. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. पण दुकानदार माल कितव्या फुटाला हलवतो? तळमजल्यावरचा भाडेकरू कितव्या फुटाला गाठोडं बांधतो? प्रत्येक गल्लीचा स्वतःचा फूट आहे आणि तो कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही. 1929 साली बांधलेल्या एका पुलावरच्या आकड्यावर अख्खं गाव आपलं घर हलवतं, याच्यावर लिहा ना. त्यासाठी ऑगस्टची वाट बघायचीही गरज नाही.

घरी बसून 'लोप पावत चाललेले' असं लिहिणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात कल्हईवाल्यावर लेख आला होता. लेखक तरुण, शैली गोड. भात्याचा आवाज, भांड्याला आलेली चांदीसारखी चकाकी, सगळं छान उतरलं होतं. शेवटी "आता गावात कल्हईवाला उरला नाही, ती हाक कायमची विरली" असं डोळ्यांत पाणी आणणारं वाक्य. दिवाळीनंतर एके दिवशी मी त्या अंकाच्या कार्यालयात कामासाठी बसलो होतो. दारात एक पन्नाशीचा गृहस्थ उभा राहिला. बोटांची टोकं काळी, हातात तो अंक, पान दुमडलेलं. म्हणाला, "हे कुणी लिहिलंय? मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतंय, तुम्ही बंद केलं का म्हणून."

संपादकांनी त्याला बसवलं, चहा मागवला, माफी मागितली. तो काही भांडायला आला नव्हता, दुखावला होता. चहा पिता पिता तो धंद्याबद्दल बोलायला लागला. घरची भांडी आता कमी येतात, पण आचाऱ्यांची मोठी पातेली लग्नसराईच्या आधी ढिगाने येतात, तेव्हा रात्रीपर्यंत भट्टी विझत नाही. कथील महाग झालंय, त्यामुळे दर सांगितला की लोक आधी गप्प होतात. हल्ली पितळी कढया पुन्हा घ्यायला लागलेत, पण घेणाऱ्याला आतून कल्हई लागते हेच माहीत नसतं. मग चिंच घातलेली आमटी कळकते आणि माणसं भांड्याला नावं ठेवतात. काम कसं करतो तेही त्याने हातवारे करून दाखवलं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि ते वितळताच कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचं. आच जरा जास्त झाली तर कथील काळवंडतं, कमी झाली तर धरत नाही. धुराच्या रंगावरून त्याला कळतं.

त्या एका चहात किती विषय होते बघा. कथलाच्या भावावर चालणारा धंदा, आचारी आणि कल्हईवाला यांचं नातं, पितळेची परत आलेली हौस आणि हरवलेली माहिती. लेखकाने मागच्या गल्लीत पाच मिनिटं चालण्याची तसदी घेतली असती तर हे सगळं त्याला फुकट मिळालं असतं. त्याने तेव्हा काय केलं असेल ते मला माहीत आहे, कारण तसे लेख माझ्याकडेही येतात: इंटरनेटवरचे चार जुने लेख वाचायचे आणि त्यांची हळहळ आपल्या शब्दांत लिहायची. त्या चार लेखांमागेही बहुधा असेच चार लेख असतात.

एखादी गोष्ट संपली असं लिहिण्याआधी ती करणारा शेवटचा माणूस शोधायला निघा. बहुतेक वेळा तो भेटतो. तो नाहीच भेटला तर ती का संपली, कधी संपली, तो माणूस आता काय करतो, हे प्रश्न आहेतच. माझ्याकडे असा लेख आला की मी आधी एवढंच विचारतो: कुणाला भेटलात? नाव सांगता आलं नाही तर लेख परत जातो.

"हा विषय झालाय" म्हणून सोडून देणं

वरच्या चुकीच्या अगदी उलट, पण नुकसान तेवढंच. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर खूप लिहून झालंय. जमिनीखालचे ते कोठे, वर्षानुवर्षं न किडता राहणारी हळद, 2005 च्या पुरात झालेली पेवांची वाताहत, मग शीतगृहांकडे वळलेले व्यापारी. म्हणून आमच्या एका लेखिकेने तो विषय टाकून दिला होता. मी तिला विचारलं, पेवात उतरणारा माणूस कोण होता? पेव उघडल्यावर लगेच उतरायचे की थांबायचे, आत हवा आहे की नाही हे कसं बघायचे, त्याची मजुरी कशी ठरायची? हळदीबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनी मालाकडे पाहिलं, हमालाकडे फार थोड्यांनी. विषय जुना असतो तेव्हा निम्मी माहिती आयती मिळते आणि उरलेला वेळ न विचारलेल्या प्रश्नाला देता येतो. मला तर नवा विषय शोधत फिरण्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

बाकीच्या, थोडक्यात

चॅटबॉटकडे "50 विषय दे" म्हणून मागणं. यादी मिळते, पण जे आधीच लिहून झालंय त्याचीच ती गोळाबेरीज असते, आणि तीच यादी शेजारच्यालाही मिळालेली असते. ज्यांना आठवड्यात नाव छापून हवंय ते हाच रस्ता धरतात आणि त्यांचा लेख मला पहिल्या परिच्छेदात ओळखू येतो.

मूड येण्याची वाट बघणं. मूड फोन केल्यावर येतो, म्हणून आधी कुणाला तरी फोन करा.

फक्त ताज्या बातम्या वाचणं. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचा, ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लावलंय ते बघा. ब्रिटिशांच्या काळातली जिल्हा गॅझेटियरं आता संगणकावर बघता येतात. पुण्याचं आणि साताऱ्याचं 1885 चं आहे, रत्नागिरी-सावंतवाडीचं 1880 चं. त्यात बाजाराची गावं दिलेली आहेत. एक गाव निवडा आणि बाजाराच्या दिवशी तिथे जा. बाजार मोडला असेल तर का मोडला, वाढला असेल तर काय विकलं जातं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

विषय डोक्यात ठेवणं. खिशात छोटी वही ठेवा, पण तेवढ्याने भागत नाही. गडबडीत टिपलेला शब्द त्याच रात्री उलगडून लिहा: कोण म्हणालं, कुठे म्हणालं आणि आपल्याला काय कळलं नाही. हे केलं नाही तर आठवड्याने वहीत "हळद, अण्णा, रात्रपाळी" एवढंच दिसतं आणि त्यातून कितीही डोकं खाजवलं तरी काही निघत नाही. न कळलेली गोष्ट लिहून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढचा लेख तिथेच असतो.

विषय फार मोठा घेणं. 'शेतकऱ्यांचे प्रश्न' 1200 शब्दांत मावत नाहीत. एका शेतकऱ्याचा एक प्रश्न मावतो.

राहिला वेळेचा मुद्दा. दिवाळी अंकाचे विषय जून-जुलैतच पक्के होतात आणि चांगला लेख हवा असेल तर माणसांना दोन-तीनदा भेटावं लागतं. सप्टेंबरमध्ये "काहीतरी पाठवतो" म्हणणाऱ्याला घाईत आठवणींवरच जावं लागतं. म्हणून विषय आधी कळवा आणि पूर्ण लेख पाठवू नका, चार ओळी पुरेत: प्रश्न काय आहे, कुणाला भेटलात, काय पाहिलंत, अजून कुणाला भेटायचं राहिलंय. या चौथ्या ओळीत नाव असलं की मी त्याच दिवशी फोन करतो.