मराठीत डोकं एक, इंग्रजीत शब्द अनेक: या चुका टाळा

गेल्या आठवड्यात एक मुलगी इंदूरच्या भंवरकुआचा बँक परीक्षेचा क्लास आटोपून थेट राजेंद्रनगरला माझ्याकडे आली. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगायच्या पाच ओळी तिनं वहीत लिहून आणल्या होत्या. दुसरीच ओळ अशी: ‘आय हॅव गुड मेंटॅलिटी अँड शार्प ब्रेन.’ मी लाल पेन उघडलं तशी ती म्हणाली, ‘काकू, चुकलं काय? डोकं चांगलं चालतं, एवढंच तर सांगायचंय.’

इथंच तर गोची आहे. मराठीत एका डोक्यावर सगळा कारभार चालतो. डोकं दुखतं, डोकं फिरतं, एखादी गोष्ट डोक्यात येते, दुसरी डोक्यावरून जाते, कुणाला गणितात डोकं असतं. आम्हा इंदूरकरांच्या बोलण्यात वर हिंदीतला दिमागही येऊन बसलाय. ‘जरा दिमाग लाव ना’ हे आमच्याकडे शुद्ध मराठी. इंग्रजीनं मात्र ही कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलीत, आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की वाक्य बिघडतं.

मेंटॅलिटीपासून सुरुवात करू. हा शब्द बुद्धीचा नाहीच, मनोवृत्तीचा आहे, आणि बरेचदा तो नावं ठेवायलाच वापरतात. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘विनिंग मेंटॅलिटी’ ऐकू येतं, पण तिथंही अर्थ वृत्ती हाच. याहून धोकादायक त्याचा भाऊ, मेंटल. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण ‘मेंटल अ‍ॅबिलिटी’ला असतात. त्यामुळे ‘आमचा चिंटू मेंटलमध्ये पक्का आहे’ असं आया कौतुकानं सांगतात. मराठीत खपून जातं. हेच कुणी ‘माय सन इज व्हेरी मेंटल’ असं इंग्रजीत म्हटलं, तर ऐकणारा चिंटूकडे सहानुभूतीनं बघेल. मेंटल हे विशेषण अ‍ॅबिलिटी, हेल्थ, अरिथमेटिक अशा नामाआधी लावा. माणसाला चिकटवू नका.

ब्रेन म्हणजे कवटीतला अवयव. ‘ही हॅज अ ब्रेन’ यात कौतुक कसलं? तो तर दारात उभ्या गाईलाही आहे. अक्कल म्हणायची असेल तर अनेकवचन करा: ‘शी हॅज ब्रेन्स’. एका ‘स’नं अवयवाची हुशारी होते. ‘शार्प ब्रेन’ अगदीच चूक नाही, पण आधी ‘अ’ हवा, आणि ‘अ शार्प माइंड’ जास्त सहज वाटतं. डोकं दुखत असेल तर ब्रेनला त्यात ओढूच नका. ‘माय ब्रेन इज पेनिंग’ नव्हे, ‘आय हॅव अ हेडेक’.

इंटेलिजन्स दुधासारखा आहे, मोजता येत नाही. म्हणून ‘अ‍ॅन इंटेलिजन्स’ नको, ‘मेनी इंटेलिजन्स’ तर नकोच. ‘अ लॉट ऑफ इंटेलिजन्स’ चालेल, सरळ ‘ही इज इंटेलिजंट’ सर्वांत बरं. बी.एड. केलेले वाचक लगेच हॉवर्ड गार्डनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव काढतील. १९८३ मध्ये त्यांनी बुद्धिमत्ता एक नसून अनेक असतात असा सिद्धान्त मांडला आणि ‘मल्टिपल इंटेलिजन्सेस’ रूढ झालं. ते त्या सिद्धान्तापुरतं, मुलाखतीत नको.

इंटेलिजंट आणि इंटलेक्चुअल यांत गल्लत करण्यात मीही मागे नाही. शिकवायला लागले तेव्हा एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘ही इज अ‍ॅन इंटलेक्चुअल बॉय’ असा शेरा मारला होता. इंटलेक्चुअल म्हणजे विचारवंत, बुद्धिजीवी. बुद्धिजीवीचं वय होतं नऊ.

आयक्यूमधला क्यू म्हणजे क्वोशंट, भागाकार. विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायची कल्पना मांडली. पुढे उत्तराला १०० नं गुणू लागले. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय बारा, तर तेव्हाच्या हिशेबानं आयक्यू १२०. म्हणजे हा आकडा आहे, तो ‘हाय’ किंवा ‘लो’ असतो. ‘ही हॅज आयक्यू’ला काही अर्थ नाही.

भंवरकुआवर फॅकल्टी म्हणजे सर: ‘आज रीझनिंगचे फॅकल्टी आलेच नाहीत.’ इंग्रजीत फॅकल्टी म्हणजे सगळा शिक्षकवर्ग. एकट्या सरांना ‘फॅकल्टी मेंबर’ म्हणा. आणि मनाच्या शक्तीलाही फॅकल्टी म्हणतात. नव्वदीतली आजी खणखणीत असेल तर ‘शी स्टिल हॅज ऑल हर फॅकल्टीज’. हे वाक्य त्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, ‘आजीकडे इतके सर?’

तिच्या चौथ्या ओळीत ‘आय हॅव अ‍ॅबिलिटी ऑफ लर्निंग फास्ट’ होतं. अ‍ॅबिलिटीपुढे ‘टू’ आणि क्रियापद येतं: ‘दि अ‍ॅबिलिटी टू लर्न फास्ट’. ‘ऑफ’ आणि ‘इंग’ हे केपेबलचं सामान: ‘केपेबल ऑफ लर्निंग’. शेवटी दोन्ही ओळी खोडून आम्ही एवढंच ठेवलं: ‘आय लर्न फास्ट अँड आय एन्जॉय वर्किंग विथ नंबर्स.’ आपल्या बुद्धीचं सर्टिफिकेट आपणच कशाला द्यायचं?

राहिला माइंड. मन आणि बुद्धी दोन्ही त्याच्याच अंगावर आहेत, तरी मराठीतलं प्रत्येक मन माइंड होत नाही. मन लावून कर, ‘पुट युअर माइंड टू इट’. मनात आलं, ‘इट क्रॉस्ड माय माइंड’. पण मनापासून आभार मानताना माइंड कामाचा नाही, तिथं हार्टच लागतं.

मृत्युपत्रात मात्र माइंडच हवा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र करणारा ‘ऑफ साउंड माइंड’ असावा असं म्हटलंय. आमच्या शेजारच्या आजोबांनी कच्चा मसुदा मला दाखवला, त्यात ‘माय ब्रेन इज परफेक्ट’ होतं. मी ते खोडून ‘साउंड माइंड’ केलं. आजोबांना पटेना. आत जाऊन भलामोठा पिवळा लिफाफा घेऊन आले आणि म्हणाले, ‘अहो, पण स्कॅन तर ब्रेनचाच काढलाय ना!’