पारा चढला, सर्व्हर पडला: रुग्णालयातल्या एआयबाबत या चुका टाळा

19 जुलै 2022 ला ब्रिटनमध्ये पारा पहिल्यांदाच 40 अंशांच्या वर गेला आणि लंडनमधल्या 'गाय्ज अँड सेंट थॉमस' रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटर बंद पडली. एक पडलं तर दुसरं सांभाळून घेईल अशी योजना होती, पण ऊन दोन्हींवर सारखंच होतं. डॉक्टरांना कागद-पेन हाती घ्यावं लागलं. घडी बसायला कित्येक आठवडे गेले.

हा सायबर हल्ला नव्हता. तरी धडा सायबर हल्ल्यासारखाच: बॅकअप त्याच शहरात ठेवू नका. एक प्रत दूर असू द्या आणि एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली, कारण जोडलेला बॅकअप रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) सोडत नाही. त्यात एआय मॉडेलची, म्हणजे रुग्णाच्या आकड्यांवरून धोक्याचे इशारे देणाऱ्या प्रोग्रामची, फाइल, आवृत्ती आणि सेटिंगही हवीत. रुग्णांच्या नोंदी जपताना नेमकं हेच राहून जातं.

पूर आला की घाईघाईत रिमोट लॉगिन उघडलं जातं, ओटीपी 'तात्पुरता' बंद होतो. पाणी ओसरतं, लॉगिन मात्र तसंच राहतं. 2024 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय बिलांचे व्यवहार सांभाळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीत हल्लेखोर शिरले ते चोरलेल्या लॉगिनने, मल्टी-फॅक्टर (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) नसलेल्या रिमोट पोर्टलमधून. आपत्तीसाठीची खाती आधीच तयार ठेवा, मुदत संपताच आपोआप बंद होणारी.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे. मॉडेल भलतेच इशारे देऊ लागलं की "उन्हाळा कडक आहे, चालायचंच" म्हणून सोडून देणं. उष्णतेत नाडी वाढते, शरीरातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) चढतं. त्यामुळे जुन्या डेटावर शिकलेलं मॉडेल खरोखरच गडबडतं. पण कुणी छेडछाड केली तरी वरून असंच दिसतं.

म्हणून आधी मॉडेल फाइलचा हॅश (फाइलीत जराही बदल झाला तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) मूळ नोंदीशी ताडून पाहा. मग ठरावीक जुन्या केसेस पुन्हा चालवा. हॅश किंवा उत्तरं बदलली असतील तर मॉडेल बाजूला काढा आणि सुरक्षा टीमला बोलवा. दोन्ही तीच असतील तर चार-पाच रुग्णांच्या मॉनिटरवरचे आकडे मॉडेलपर्यंत पोचलेल्या आकड्यांशी जुळवा. फरक आढळला तर दोष वाटेत आहे: इंटरफेस बिघडलाय किंवा कुणी हात घातलाय. आकडे जुळले तर सेन्सर तपासा. तोही ठीक असेल तर बहुधा रुग्णांचं चित्रच बदललंय, आणि पुढचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

एवढं होईपर्यंत नव्या डेटावर मॉडेलला पुन्हा ट्रेनिंग देऊ नका. डेटात भेसळ असेल तर ती मॉडेलमध्ये मुरेल आणि नंतर शोधूनही सहज सापडणार नाही.